पास्टरांचा उजवा हात

मंगळवारी पास्टरांच्या हातून चहाचा कप पडला, तेव्हा त्यांनी दोष कपाला दिला. बुधवारी सदऱ्याचं बटण लागेना, तेव्हा दोष काजाला दिला. गुरुवारी घराच्या कुलपात किल्ली फिरेना, तेव्हा मात्र दोष द्यायला कुणी उरलं नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तीन महिन्यांपासून त्यांचं ऐकत नव्हती.

हे सांगायचं कुणाला? वीस वर्षं मंडळीला 'भिऊ नका' सांगत आलेला हा माणूस. ऑपरेशनला निघालेल्यांच्या उशाशी बसून तेच, नोकरी गेलेल्यांच्या पाठीवर हात ठेवून तेच. आणि स्वतः मात्र डॉक्टरांचा दवाखाना लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं घरी येत होते. त्यांच्या वडिलांचंही असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं. मग मनगट, मग दंड, मग जीभ. शेवटची दोन वर्षं वडील नुसते डोळ्यांनी बोलायचे, आणि काय बोलतात ते मुलाला कधी धड कळलं नाही.

त्यात रविवार तोंडावर आला होता. रविवारी मावशींचा बाप्तिस्मा होता, चर्चच्या हौदात पूर्ण बुडवून द्यायचा.

मावशी म्हणजे बाजारामागच्या गल्लीत शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या. वय बहात्तर, अंगानं भरभक्कम, जिभेला धार. वर्षभर मागच्या बाकावर बसून त्यांनी प्रवचनं ऐकली, पास्टरांना घाम फुटेल अशा शंका काढल्या आणि शेवटी एक दिवस बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. पण पाण्याला भयंकर भ्यायच्या. लहानपणी तळ्यात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासून अंघोळीलाही डोक्यावर पाणी घ्यायचं तर न्हाणीघराचं दार उघडं लागायचं.

"पास्टर, तुम्ही मला सोडणार नाही ना?" महिनाभर प्रत्येक भेटीत त्यांचा हाच प्रश्न.

"नाही सोडणार, मावशी. आजवर कुणाला सोडलंय? विश्वास असला की भीती राहत नाही."

"मग माझाच विश्वास कच्चा असेल," असं म्हणून मावशी मान खाली घालायच्या. एरवी कुणापुढे मान खाली घालणारी बाई नव्हती ती.

मंडळीतल्या कुणा धट्ट्याकट्ट्या माणसाला सोबत हौदात उतरवता आलं असतं. पण मग कुणीतरी 'का?' विचारलं असतं, आणि त्या एका शब्दाला पास्टर घाबरत होते. हात बदलायचा विचारही करून झाला. हौद सिमेंटचा, अरुंद, डाव्या टोकाला पायऱ्या. डाव्या हातानं समोरच्याचे छातीशी जोडलेले हात धरायचे, उजवा मानेखाली द्यायचा आणि मागे झुकवून बुडवायचं, ही त्यांची पद्धत. सगळा भार उजव्यावर. उलट केलं असतं तर मावशींचं डोकं सरळ पायऱ्यांवर आपटलं असतं.

शनिवारी दुपारी त्यांनी खोलीचं दार लोटलं, गादीची वळकटी उभी केली आणि तिच्या मानेखाली, म्हणजे जिथे मान असायला हवी तिथे, हात दिला. वळकटी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा दारात त्यांची बायको उभी होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि त्या दिवशी लवकर सुटली होती.

"अहो, गादीला बाप्तिस्मा देताय की काय?"

"ऊन दाखवायला काढत होतो."

"दार लावून?"

पास्टर कसनुसं हसले. तिनं गादी उचलली, पलंगावर टाकली आणि भाजी निवडायला निघून गेली. वेळ मारून नेली म्हणून ते खूश झाले. मग आपण बायकोशी खोटं बोलून खूश होतोय हे लक्षात येऊन तिथेच मटकन बसले.

रविवारी ते हौदात उतरले तेव्हा पाणी छातीला लागत होतं आणि दात वाजत होते. थंडीनंच वाजताहेत, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. प्रार्थना करायला गेले तर मनात एकच वाक्य येत होतं: देवा, आजचा दिवस निघू दे. पायऱ्यांवरून मावशी उतरल्या. स्वतः शिवलेला पांढरा झगा, ओठ पांढरेफटक.

"घेरात लोखंडी वॉशर शिवलेत," त्या पास्टरांच्या कानाशी कुजबुजल्या. "झगा पाण्यात फुगून वर आला तर चारचौघांत शोभा व्हायची. चांगले जड घेतलेत."

अजूनही थांबता येत होतं. समोर मंडळीनं गीत सुरू केलं होतं, मावशींनी डोळे गच्च मिटले होते, आणि थांबा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी मानेखाली हात दिला, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले आणि मावशींना मागे झुकवलं.

पाणी तोंडावर येताच मावशींनी हिसका दिला. मान बोटांतून निसटली. झगा खाली ओढत गेला. पास्टरांनी उजव्या हातानं खांदा धरला, सुटला; झगा धरला, सुटला. पाण्याखाली मावशींचे डोळे आता उघडे होते आणि त्यांच्याकडेच बघत होते. वर मंडळी अजून गातच होती.

"मला उचलता येत नाही!" पास्टर ओरडले. "माझा हात चालत नाही! कुणीतरी या!"

गाणं तुटलं. सगळ्यांच्या आधी बायकोच आली, धावत, अंगावरच्या कपड्यांनिशी, पर्ससकट. दोघांनी मिळून मावशींना वर खेचलं. मावशी खोकल्या, थुंकल्या, पुन्हा खोकल्या. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य निघालं, "सोडणार नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो," पास्टर म्हणाले. "तीन महिने झाले, हातात जोर नाही. वडिलांचं झालं तसं होईल अशी भीती वाटते मला. रोज वाटते."

त्यांनी मावशींना वर न्यायला हात पुढे केला. मावशींनी तो घेतला नाही. बायकोचा हात धरून त्या जड झग्यानिशी एकेक पायरी चढल्या आणि वर गेल्यावर वळल्या.

"एवढं भीत होतात?"

"फार."

"मग मला का नाही सांगितलंत?" मावशी म्हणाल्या. "देवाच्या घरात एवढी भित्री मी एकटीच, असं वाटून महिनाभर रडत होते मी."

कुणीतरी मावशींना टॉवेल गुंडाळून आत नेलं. बायको पुन्हा पाण्यात उतरली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी रजा टाकते."

"काय निघेल गं?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. तीही घाबरली होती. आज लपवत नव्हती.

तिनं पाण्याखाली त्यांचा उजवा हात धरला. पास्टरांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की तिनं तो धरलाय.