कारखान्यातून आली तशी

ड्रिल मशीनच्या तोंडावर कुंकवाचं बोट उमटलं होतं, जरा तिरकं, आणि पाठीवर झेंडूचं एक फूल – ते सारखं घसरत होतं, कारण मशीनची पाठ गोल, आणि आत्या ते पुन्हा पुन्हा उचलून जागेवर ठेवत होत्या, मशीनच ऐकत नाही म्हटल्यावर फुलाला दटावल्यासारखं करत. पाटावर शेजारी पाने, पक्कड, हातोडी, स्वयंपाकघरातली विळी, आत्यांची शिवणाची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू. आज खंडेनवमी, आज हत्यारांनी विश्रांती घ्यायची आणि माणसांनी त्यांना नमस्कार करायचा, हे आत्यांनी साताऱ्याहून वाशीच्या या फ्लॅटमध्ये येताना सोबत आणलं होतं आणि इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. त्यांची सून नंदिनी दिवाणावर बसून पाहत होती. विळी आणि कात्री सोडली तर पाटावरचं एकूण एक हत्यार तिचं होतं.

…आणि नेमकं आजच मला ते ड्रिल हवंय.

आतल्या कपाटात, साड्यांच्या खाली, एक तरफ गुंडाळून ठेवलेली होती. मोटरसायकलच्या क्लचसारखी, हाताने दाबायची; तिने स्वतः आखलेली – ऑफिसात ती दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशेच काढते, त्यात आपल्यासाठी एक काढला तर कुणाचं काय गेलं – आणि तुर्भ्याच्या वर्कशॉपवाल्या रूपेशने त्या नकाशावरून बनवून दिलेली. ती गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी बसणार, तिची नळी पायापुढच्या पत्र्यातून पार होऊन इंजिनाकडे जाणार. तरफ तयार होऊन पावसाळा उलटला होता. राहिलं होतं ते एवढंच, त्या पत्र्याला एक भोक. आणि उद्या सकाळी दहाला पुण्याहून ट्रक येणार होता, गाडी न्यायला.

केयूरनेच ठरवलं होतं सगळं. गिऱ्हाईक म्हणजे कुणी संग्राहक, जुन्या जपानी गाड्या जमवणारा, भला माणूस असावा. फोनवर त्याने एकच विचारलं होतं – गाडी कारखान्यातून आली तशी आहे ना? एक जादा भोकही चालणार नाही मला. केयूरने फोन स्पीकरवर ठेवून नंदिनीकडे पाहिलं होतं, आणि ती म्हणाली होती, आहे. ते खरंच होतं. मग केयूरने विचारलं, द्यायची ना? आणि ती म्हणाली, बघू. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या 'बघू'चा अर्थ नवऱ्याला कळू नये म्हणजे कमालच. पण त्याने तो हो असा घेतला, आणि तिने तो तसा घेऊ दिला, आणि दसऱ्याचा मुहूर्त निघाला. गाडी तिच्या नावावर होती, सही तिचीच लागणार होती, नाही म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. रागावणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. काळजी करणाऱ्याला कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आठवतं ते हे की, ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला आधी गाडी दिसलीच नव्हती, दिसली होती ती मोडक्या पलंगाची फळी, आणि फळीखाली धुळीत एक लाल कोपरा. सेक्टर सतरामधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, जहाजावरच्या कुणा कप्तानाने हौसेने जपानहून आणवलेली सेलिका, तो वारल्यावर मुलांनी तिथेच विसरलेली. टर्बो गंजलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दोन दिव्यांपैकी डावा अर्धवट उघडून अडकलेला – एक डोळा मिटायचा राहून गेल्यासारखा. भंगारवाला आणि ती एकाच दुपारी पोचले होते. मग वर्षानुवर्षं, रविवारमागून रविवार, एक एक भाग. दाराचं रबर ओसाकाहून आलं तेव्हा तिने ते हुंगलं होतं. बायकांनी काय हुंगावं याबद्दल सोसायटीत थोडी चर्चा झाली. जे मूळचं मिळालं ते मूळचं बसवलं, जे नाही मिळालं त्याची वाट पाहिली; कधी केयूर म्हणाला, अगं इथलं लाव ना दुसरं कुठलंतरी, कुणाला कळतंय, तर ती म्हणायची, मला कळतंय. तेव्हा 'कारखान्यातून आली तशी' हे तिचं स्वतःचं वेड होतं. तेव्हा तिला दोन पाय होते.

पाय त्या गाडीत गेला नाही. पाय गेला स्कूटरवर, भर दुपारी, डंपरने नुसतं घासून जाण्यात. आणि ती तेव्हा गाडीचंच कसलंसं वायसर आणायला निघाली होती हे केयूर बोलून दाखवत नाही, फार चांगला आहे तो, पण गाडीजवळून जाताना त्याची नजर पत्र्यावरून अशी घसरते की कळतं. डावा, गुडघ्याखाली. जो गेला तो जायला तयार नाही ही गोष्ट मात्र डॉक्टरांनी नंतर सांगितली. अंगठ्याला खाज येते. टाच दुखते. टीव्हीसमोर बसलं असताना तो पाय आपला आपण क्लच दाबतो, सोडतो, दाबतो…

आणि तो दिवस. नवा पाय बसवून घरी आल्यावर काही महिन्यांनी, कुणाला न सांगता ती खाली गेली, गाडीत बसली, किल्ली लावली. गाडी गिअरमध्ये होती. तिने क्लच दाबला – पूर्ण, तळापर्यंत, ती शपथेवर सांगेल, पावलाला त्याचा ताण लागला, स्प्रिंगचा तो ओळखीचा नकार आणि मग होकार – आणि किल्ली फिरवली तशी गाडीने उडी घेऊन पार्किंगच्या खांबाला धडक दिली. खाली पाहिलं तर रबरी पाऊल बाजूला निवांत पडलेलं. क्लच दाबला होता तो दुसऱ्याच पायाने, जो नव्हता त्याने. बंपरला एक ओरखडा आला, बाकी काही नाही. पण केयूर धावत खाली आला, त्याने तिला बाहेर काढलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा म्हणाला की आपण ऑटोमॅटिक घेऊ, छान छोटी, तुझ्याच भल्यासाठी. ती भ्याली होती. म्हणून गप्प राहिली. भीती केव्हाच गेली, गप्प राहणं मात्र अंगवळणी पडलं.

रबरी पाऊल केयूरनेच पसंत केलं होतं. तिच्या वर्णाशी जुळवून, नखांचे आकारसुद्धा उठवलेले. मोजे घालायचीही गरज नाही, म्हणाला, अगदी ओरिजिनल वाटतं. नातेवाईक येऊन पाहून गेले आणि म्हणाले, कळतसुद्धा नाही. सगळ्यांना तेच हवं आहे, कळू नये. जे झालं ते झालंच नाही असं दिसावं, बाई होती तशी परत मिळावी, तिने हळू चालावं, आणि गाडी पुण्याला काचेच्या दालनात उभी राहावी – जिला कुणी चालवणार नाही ती गाडी, आणि जी काही चालवणार नाही ती बाई, दोघी कशा जशाच्या तशा.

फोन वाजला. केयूर. कारखान्यातून, मागे गडबड, आज तिथेही यंत्रं बंद आणि पूजा.

"पेढे वाटतायत. तुला काय आणू येताना?"

"काही नको."

"ऐक ना, ट्रकवाल्याशी बोललो. तो नवालाच पोचेल म्हणतोय. तू पेपर काढून ठेव फक्त. आणि टेन्शन घेऊ नको, तू खालीसुद्धा येऊ नको, मी बघतो सगळं."

"तू बघतोस," ती म्हणाली.

"हो ना. तुला उगाच त्रास होईल बघून."

किती प्रेमाने म्हणाला. राग आला तो यामुळेच, आणि तो इतका स्वच्छ राग होता की नंदिनीला बरं वाटलं. फार दिवसांनी अंगात काहीतरी आपल्या जागी येऊन बसल्यासारखं. ती उठली. कपाट उघडून तरफ काढली, फोन आणि ड्रिलची टोकं यांच्यासकट खांद्याच्या पिशवीत टाकली. मग पाटासमोर येऊन तिने वाकून ते बॅटरीवरचं ड्रिल मशीन उचललं.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पुरणाचा हात तसाच.

"आज हत्याराला हात लावत न्हाईत, नंदा."

"माहीत आहे, आत्या."

"उद्या शिलंगण झालं की घे की. कोण नको म्हणतंय?"

"उद्या ट्रक येणार आहे."

आत्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी पाहिली, पिशवीतून वर आलेला तरफेचा मुठीकडचा भाग पाहिला. त्यांना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. पण त्यांचा चेहरा सैल झाला नाही.

"केयूर काय म्हणंल?"

"म्हणेल तो. मी ऐकून घेईन."

"माझं म्हणणं माझ्यापाशी. नवमीला काम केलं तर बरं हुत न्हाई, मी सांगितलं. आता तुझं तू निस्तर."

"निस्तरते."

ती दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला. "त्ये फूल घसरतंय बघ. काढून ठेव हितं. पायदळी नको जायला."

तिने फूल काढून पाटावर ठेवलं. कुंकू पुसलं नाही.

खाली पार्किंगमध्ये दुपार होती, कुणी नव्हतं. काही गाड्यांना आधीच उद्याचे हार लागले होते. तिने बॉनेट उघडलं, दार उघडलं, आणि पेडलच्या पुढच्या त्या अरुंद जागेत डोकं घालून पाहिलं. शिरता येईना. रबरी पाऊल सीटच्या कडेला अडकत होतं, वळत नव्हतं, उगाच मध्ये. मग तिने सरळ सलवारीचा पाय वर गुंडाळला, नवा पाय काढला आणि बाहेर फरशीवर उभा करून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, नखांसकट. आणि आडवी होऊन आत सरकली. सहज मावली. पूर्वी दोन पाय असताना याच जागेत तिला कधी नीट झोपता आलं नव्हतं, गुडघे दाराबाहेर लोंबायचे, पाठ भरून यायची… आता हे शरीर इथे बरोबर बसतं. हे कुणाला सांगायचं? केयूरला सांगितलं तर तो रडेल. मला रडू येत नाहीये, मला हसू येतंय.

पत्रा समोर होता, चेहऱ्यापासून वीतभर. काळसर, थंड, जपानमधल्या कुठल्याशा कारखान्यातून निघाल्यापासून तसाच. तिनेच गंज खरवडून, घासून, मूळच्या रंगात आणून ठेवलेला. तिने खिळ्याने खूण केली. एकदा भोक पडलं की ही गाडी त्या माणसाच्या कामाची नाही. कुणाच्याच कामाची नाही, एक डावा पाय नसलेल्या बाईच्या सोडून. मग मी उद्या बोलायची गरजच नाही. नाही, बोलेन, बोलायला तर हवंच, केयूर समोर उभा राहील त्याचा तो पडलेला चेहरा घेऊन, आणि मला सांगावं लागेल की मला पूर्वीसारखं व्हायचं नाहीये. पण आधी हे.

तिने मशीन लावलं. पहिल्यांदा टोक घसरलं, रंगावर पांढरी रेघ उठली. तिने पुन्हा खुणेवर धरलं, उजवा पाय दाराला रोवला, खांदा मागे लावला आणि दाबलं. आवाज सबंध पार्किंगभर झाला. पत्र्याचा चकचकीत कीस वळत वळत तिच्या गळ्यावर पडला, गरम. वरून कुंकवाचे कण गळून त्यात मिसळले. आणि मग एकदम ती ओळखीची मोकळीक, टोक पार गेल्याची. मशीन मागे घेतलं तर त्या जागी उजेडाचा एक ठिपका होता, उघड्या बॉनेटमधून आलेला, तिच्या दंडावर पडलेला.

पिशवीत फोन वाजायला लागला. केयूरच असणार. तिने वाजू दिला. त्याच वेळी डावा पाय, तो नसलेला, आपणहून खाली गेला – तळापर्यंत, ताण लागून, स्प्रिंगचा नकार आणि होकार – आणि रोज या क्षणी ती स्वतःशी म्हणते तसं, नाही, नाहीये तो, असं आज ती म्हणाली नाही. दाबू दिलं त्याला. खुशाल दाब, तुझं काम आता हाताकडे दिलंय, तरी तुला राहायचं असेल तर राहा. फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला. नळी जायची तर भोक अजून मोठं हवं होतं. नंदिनीने चाचपून पिशवीतलं जाड टोक काढलं आणि पडल्या पडल्याच ते मशीनला लावायला घेतलं.