नेच्यांखालचा ढीग

चिमटा. चेस्टनटच्याच फांदीचा, मधोमध चिरलेला, काटेरी बोंडं उचलायचा लाकडी चिमटा. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तो एर्सीलियोच्या हातात होता, आणि शेजारची आर्जा खालून चढण चढत येत होती. एरवी ही बाई झऱ्यापासूनच हाका मारायला लागायची, अर्ध्या डोंगराला तिचं येणं कळायचं. त्या दिवशी ती एक अक्षर न बोलता वर आली, दम खात उभी राहिली, आणि तिच्या गप्प असण्यावरूनच त्याला समजलं. खाली शहरातल्या दवाखान्यात झेलिंदा वारली होती. छातीत कफ झालाय, रविवारपर्यंत परत येते, असं सांगून गेलेली त्याची बायको. चिमट्यात एक बोंड तसंच धरलेलं होतं, ते खाली टाकावं की टोपलीत ठेवावं हे त्याला सुचेना... शेवटी टोपलीतच ठेवलं. त्याचं त्याला अजून नवल वाटतं.

आता मार्च लागला होता आणि तो ढिगासमोर उभा होता.

ढीग झेलिंदाचा. वाळवणीच्या खोलीतलं काम त्याचं—खाली मंद धूर, वर फळ्यांवर पसरलेले चेस्टनट, मग पीठ. पण ओले, ताजे ठेवायचे ते तीच ठेवायची. बोंडं न फोडता, फळ आत तसंच राहू देऊन, रानाच्या सावलीच्या कडेला रचायची. वर पाला, त्यावर नेच्याची झुडपं, त्यावर माती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून फांद्या. बर्फ पडून गेलं तरी आत फळ जसंच्या तसं. दरवर्षी फेब्रुवारी सरता सरता ती ढिगाची एक बाजू उघडायची आणि ईस्टरपर्यंत घरात भाजलेल्या चेस्टनटचा वास असायचा.

दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातच तिने हा ढीग पुरा केला होता. म्हणून तर तो उघडवत नव्हता. घरातली भांडी, चादरी, तिची खुर्ची... ती सगळी दोघांची. ढीग मात्र तिने एकटीने रचलेला, तिच्या हाताने झाकलेला, आणि एकदा उघडला की तो संपणारच, खाल्ल्यावर वस्तू संपते, त्याला इलाज नाही. आणि नाही उघडला तर? तर कोंब फुटतील, मग लगदा होईल. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म या झाडांखाली गेला त्याचा. तरी रोज सकाळी इथवर यायचं, फांद्यांवर हात ठेवायचा, आणि परत जायचं.

"अजून बघतच बसलायस?" मागून आर्जा. आता पुन्हा झऱ्यापासून ओरडत येणारी. "ढीग आहे तो, एर्सीलियो, कोंबडीची अंडी नव्हेत. नुसतं बघून काही उबत नाही."

"उद्या उघडतो."

"हो, आणि परवा डुकरांना घाल. वर गेल्यावर झेलिंदा मलाच धरेल—आर्जा, तू शेजारी असून त्या खुळ्याला सांगता आलं नाही तुला?" गुडघा चोळत ती दगडावर बसली. "मी इथून हलत नाही. काढ त्या फांद्या."

त्याने फांद्या काढल्या. आर्जाशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

माती ओली होती, नेचे काळे पडले होते, आणि त्याखालून तो आंबूस, द्राक्षांच्या पिंपासारखा वास आला—दर वर्षीचा वास, तोच. हात चालू राहिले. बोंडं मऊ झाली होती, काटे टोचत नव्हते. अंगठ्याने दाबलं की उघडत होती आणि आतून फळ निघत होतं, ओलं, तपकिरी, चकचकीत. एकालाही कोंब नव्हता. तो ओळखत गेला. हे फुगीर, खालच्या बांधावरचं. हे चपटं, एका बोंडात तीन दाटीने बसलेली, म्हणजे बाबांनी कलम केलेलं जुनं झाड. हे फिकट, झऱ्यावरचं. झेलिंदाने झाडागणिक थर लावले होते, आणि तो जणू तिच्या मागोमाग रानातून फिरत होता, या झाडाकडून त्या झाडाकडे, घाई नाही, ती दोन पावलं पुढे...

मग खालच्या थरात हात थांबला.

लहान, जवळजवळ काळं फळ, अंगावर बारीक उभ्या रेघा, टोकाला लांब शेंडी, बुडाचा पांढरा डाग अगदी चौकोनी. त्याने दुसरं बोंड उघडलं, तिसरं उघडलं. सगळी तशीच. त्याच्या रानात हे फळ धरणारं झाड नव्हतं. सगळ्या उतारावर असं एकच झाड होतं, कपडे धुण्याच्या कुंडामागे, हद्दीच्या दगडी गडग्याच्या पलीकडे. आर्जाचं.

नोव्हेंबरातला संत मार्तिनोचा दिवस उलटला की कोणीही कोणाच्याही रानात जाऊन राहिलेलं वेचावं, ही इथली रीत. त्याच्या आधी गडग्यापलीकडचं एक जरी उचललं तरी ती चोरी. आणि त्या दिवसाच्या आधीच झेलिंदा मातीत गेली होती.

झेलिंदा! वाटेवर गडगडत आलेलं एक फळ त्याने खिशात टाकलं होतं, तर अर्ध्या वाटेवरून त्याला परत फिरवून ते गडग्याआड टाकायला लावणारी. "वाटेवर पडलं म्हणून काय झालं? झाड त्यांचं."

"बघू एक," आर्जाने हात पुढे केला, सुरीने साल काढली आणि कच्चंच चावलं. "वा! काय गोड आहे रे. कुठल्या झाडाचं?"

"खालच्या... बाजूचं."

"माझ्या कुंडामागच्याचं अस्संच असायचं. पण यंदा त्या मेल्या रानडुकराने एक ठेवलं नाही. आणि ऐक, बोंडांसकट खाल्लं, काट्यांसकट! झाडाखाली एक टरफल नाही. असलं डुक्कर मी जन्मात पाहिलं नाही."

एर्सीलियोने मान खाली घातली. गडगा त्याच्या डोळ्यांपुढे आला—छातीएवढा गडगा, आणि त्यावरून घागरा गोळा करून पलीकडे उतरणारी झेलिंदा, छातीत कफ, हातात चिमटा, इकडे बघतेय, तिकडे बघतेय... का केलं तिने? आपल्याला ते फळ आवडतं असं कधी बोलला होता का तो? की आर्जाशी काही बिनसलं होतं? की नुसतीच लहर, म्हातारपणी एकदा? सांगितलं नाही तिने त्याला. इतकी वर्षं एका ताटात जेवले दोघं आणि त्याला वाटायचं की रानातल्या झाडासारखी ती आपल्याला पाठ आहे.

हसू आधी पोटात आलं, मग खांद्यांत.

"काय झालं? रडतोयस की हसतोयस?"

"धूळ गेली डोळ्यात."

"ओल्या मातीत धूळ! तुझा सगळाच कारभार निराळा."

त्याने तिचा एप्रन ओढून धरायला लावला आणि ओंजळी भरभरून त्यात ती काळी फळं टाकली.

"अरे पुरे! घरात ठेव की काही."

"घे गं. तुझीच समज."

ती उतरत गेली, अधूनमधून एप्रन सावरत, खालच्या कोंबड्यांना वरूनच शिव्या देत. तो ढिगाशी बसून राहिला. ऊन नेच्यांपर्यंत आलं होतं. ढीग जवळजवळ अर्धा झाला होता आणि तो तसा पाहताना त्याला वाईट वाटत नव्हतं, उलट भूक लागली होती. दोन काळी फळं त्याने स्वतःसाठी ठेवली होती. त्यातलं एक सोलून तोंडात टाकलं. खरंच गोड होतं, आपल्या कुठल्याही झाडापेक्षा गोड.

त्या डुकराबद्दल आर्जाला सांगायचं अजून राहिलं आहे.