वाटीतली तर्री

त्या दिवशी माझी पहिली पाळी होती. अकराच्या सुमारास शेजारचे रुपराव सायकलवर मिलच्या फाटकाशी आले आणि त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"वामनराव, घरी चला."

"काहून गा?"

ते माझ्याकडे न पाहता सायकलची घंटी बोटाने पुसत राहिले. तेव्हाच मला कळलं.

माझी बायको सुभद्रा विळीवर वांगी चिरता चिरता बाजूला कलंडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला सेहेचाळिसावं वर्ष लागलं होतं.

मला ते पटेना. आजारी मी होतो. दोन वर्षांपूर्वी, एक्क्याऐंशी साली, मिलचा जिना चढताना माझी छाती दुखली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल तीनशे दहा. कलेजी बंद, तूप बंद, आणि रश्श्यावर लाल तेलाचा जो थर येतो, ती तर्रीही बंद. सुभद्राने एवढं सगळं पाळलं की मी चिडायचो. माझ्या वाटीतली तर्री ती चमच्याने काढून घ्यायची, खाली पांढरट पाणी उरेपर्यंत. आकडा सव्वादोनशेवर आला. मी तिला कागद दाखवला तर हसून म्हणाली, "आता तुम्ही मलेच पोचवसान!"

आमच्यात पुरुष आधी जेवतात. मी हात धुवून बाहेर गेलो की ती ताट घ्यायची. त्या ताटात काय असतं, ते सत्तावीस वर्षांत मी कधी पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर सुभद्राची धाकटी बहीण भागीरथा चार दिवस माझ्याकडे राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवून उठल्यावर मी पाणी प्यायला परत आत गेलो. ती एका वाटीतलं लाल तेल भाकरीवर ओतत होती.

"हे काय करून राहिली वं?"

"जेवून राहिली, भाऊजी. दिसत नाही का?"

"ते तेल कुठलं?"

"तुमच्या रश्श्यावरचं काढलेलं. तुमाले एक थेंब द्यायचा नाही, असं बाईनं मले सांगून ठेवलं होतं. मंग का नालीत फेकू? खायची वस्तू हाय. बाई बी हेच करे."

"सुभद्रा खात होती?"

"मंग का मांजरीले देत होती?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. पाण्याचा गडू हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो आणि मीच तिला मारलं का, असं सरळ विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "एकट्या तर्रीनं झालं, असं मी म्हणणार नाही. तिचं बीपी किती होतं? रक्तातली चरबी किती होती?"

मला माहीत नव्हतं. माझं रक्त सहा वेळा तपासलं, तिचं एकदाही नाही. प्रत्येक वेळी ती बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसलेली असायची.

"तिच्या माहेरी कोणी असं गेलं का?"

"सासरे. पन्नाशीच्या आत. वावरात उभ्या उभ्या पडले."

"बहीण आहे? तिचं वय?"

"त्रेचाळीस."

"तिचं रक्त तपासून घ्या. सकाळी काही न खातापिता आणा. ज्या चरबीनं हृदयाची नळी अरुंद होते, तिनंच मेंदूची होते. दुखायची वाट पाहू नका."

मी तसाच सायकल घेऊन हुडकेश्वरला भागीरथाच्या गावी गेलो. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"माहं रक्त काहून मागून राहिले, भाऊजी? आमच्या गावात डास का कमी हायेत?"

"चेष्टा नको करू वं. तुह्या बापाचं काय झालं? तुह्या बहिणीचं काय झालं?"

"मले काही होत नाही. आता हा डावा हात जरासा जड लागते, पण ते सुपानं."

सुभद्रालाही मरायच्या आदल्या दिवशी हाताला मुंग्या आल्या होत्या. मी म्हणालो होतो, कपडे पिळून आल्या असतील. मी भागीरथाच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि ओरडलो, "उद्याच चाल!" ती घाबरली आणि हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सकाळीच घेऊन गेलो. तपासणीवाल्याने विचारलं, काही खाल्लं का? ती म्हणाली, "च्या घेतला, अन् दोन पोळ्या. पाहुणा दारात उभा असताना चूल थंडी कशी ठेवू?" पाहुणा मीच होतो. त्याने आम्हाला परत पाठवलं. हाताचं मी तिथे सांगितलं, तर तो म्हणाला, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी होते. दुसरीकडे जायला ती तयार झाली नाही. तुरी उघड्यावर पडल्यात, म्हणाली.

त्याला आठ दिवस झाले. मी रोज हुडकेश्वरला जातो. ती बोलते तेव्हा तोंडाचा एक कोपरा खाली उतरतो का, तेवढंच मी पाहतो. तर्री खायची तिने सोडली, असं सांगते. ती जेवताना मी समोर बसतो. तपासणीचं विचारलं की ती रोज पुढचा वार सांगते. आज म्हणाली, "सोमवारी नक्की."

आज गुरुवार आहे. भागीरथाचं रक्त अजून तपासलेलं नाही.