फेसबाबा आणि बटाट्याचं पाप

"बघा, बघा, पाप उकळतंय!" फेसबाबा गरजले आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. स्टुलावर बसलेल्या आईच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेवर बाबांनी चमचाभर 'पवित्र पाणी' ओतलं होतं. जखम पांढरीशुभ्र फसफसली. बायकांनी डोळे पुसले.

तिची धाकटी लेक मागे उभी राहून दातओठ खात होती. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जंतू तपासणं हे तिचं काम. पण घरात तिचं ऐकतो कोण? आईला मधुमेह. बाबांनी गोळ्याच बंद करायला लावल्या होत्या. "गोळीनं पाप आत दबतं, बाई!" अंगठा मात्र काळानिळा पडत चालला होता.

"आज फेस जास्त आहे!" धाकटीचा दादा भारावून म्हणाला.

"पाप मुळापासून सुटतंय," बाबा उद्गारले.

धाकटीनं पर्समधून कच्च्या बटाट्याची फोड काढली. "बाबा, हिच्यावर ओता."

बाबा कचरले, पण लोक बघत होते. फोड फसफसली.

"बटाटा अंधारात वाढतो," बाबांनी सावरून घेतलं. "त्यालाही पाप असतं."

"मग ही उकडलेली फोड घ्या."

ओतलं. काही नाही.

"उकडल्यावर पाप फिटतं वाटतं?" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"याचं नाव हायड्रोजन पेरॉक्साइड," धाकटी म्हणाली. "बाबांनी आईला घरी लावायला दिलेली बाटली मी तपासली. रक्तात, बटाट्यात, जंतूंतही एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते या द्रवाचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. ऑक्सिजनचे बुडबुडे, तोच हा फेस. उकडलं की विकर निकामी."

"पण जंतू मरतात ना?" दादानं विचारलं.

"तीव्र असेल तर मरतात. बाबांनी ते पातळ केलंय. एवढ्याशा माऱ्यानं जंतू मरत नाहीत, सावध होतात. तेच विकर भराभर बनवून पुढच्या माऱ्याला तयार बसतात. दादा, जखमेत जंतू माजलेत, म्हणून फेस वाढलाय!"

"बाबांच्या हनुवटीवर दाढी करताना कापलंय," पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली. "तिथं ओता की!"

बाबांना तत्काळ समाधी लागली, तीही मागच्या दाराच्या दिशेनं.

दादानं आईला उचललं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. पाय वाचला, अंगठा काढावा लागला.

भेटायला आलेली शेजारीण अजून घुटमळत होती. "पण फेस तर आपण डोळ्यांनी पाहिला होता हो!"

"मीही पाहिला," आई म्हणाली. "पाहून हात जोडले आणि तिथंच थांबले. 'हे कशामुळे होतंय?' एवढं एकदा विचारलं असतं, तर आज पायाला पाच बोटं असती. तुम्ही तरी विचारा."