मेलबर्नचं स्थळ

सुवर्णाताईंचा फोन आला तेव्हा सुलभा पोह्यांसाठी कांदा चिरत होती. सुवर्णाताई अकोल्याच्या, त्यांचा शंतनु मेलबर्नला नोकरीला. तो आज मलकापूरला सुलभाच्या श्रद्धाला पाहायला येणार म्हणून घरात सकाळपासून धावपळ चालली होती.

"आम्ही काही उतरत नाही हो," सुवर्णाताई म्हणाल्या. "रात्री मुंबईहून त्याचं विमान आहे. तुम्हीच पोरीले घेऊन फलाटावर या. गाडी दोन मिनिटं थांबते. दारातून पाहून घेईल तो."

"दारातून? अहो, पोरगी आहे का भाजी?"

"समजून घ्या ना ताई. दहा हजार किलोमीटर जायचं लेकराले. तेरा तास विमानात बसून जीव जाते त्याचा."

फोन ठेवून सुलभाने कढई अशी आपटली की तिचा नवरा लक्ष्मीकांत पेपर टाकून आत आला.

"तेरा तास बसते तो तिकडं जायले! अन् माझ्या पोरीसाठी दोन मिनिटं, तीही उभ्याउभ्या! काय मातले बाई हे लोक!"

पण बोलून उपयोग काय? श्रद्धाला तिसावं लागलं होतं. चार स्थळं आली तशी गेली. नातेवाईक भेटले की आधी तेच विचारायचे आणि सुलभाची झोप उडायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी! राग गिळून तीच लेकीला म्हणाली, "चाल बाई."

श्रद्धा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. "मले नाही जायचं," ती म्हणाली. "पण तू झोपत नाहीस ना आई, म्हणून येते."

दोघी फलाटावर पोचल्या आणि गाडी लागली. दारात शंतनु उभा, कानात इयरफोन. मागून सुवर्णाताईंनी मान काढली.

"उन्हात चेहरा दिसत नाही. जरा इकडं सरक पोरी. हं. आता त्या नळापर्यंत चालून दाखव बरं."

चहावाला, हमाल, सगळेच पाहायला लागले.

"काऊन लाजते? शेगावची तर लगेच चालली!"

म्हणजे शेगावच्या फलाटावरही कुणाची तरी लेक अशीच उभी केली होती या बाईने!

श्रद्धाने आईकडे पाहिलं. साडीच्या निऱ्या सावरल्या आणि खरंच एक पाऊल टाकलं.

जिच्या एका नजरेने सगळा वर्ग चूप बसतो, ती पोर भरबाजारात चालायला निघाली होती. आणि ती काही त्या पोरासाठी चालत नव्हती, आईला झोप लागावी म्हणून चालत होती.

"थांब!" सुलभाने तिचं मनगट धरलं आणि दाराकडे वळली. "काय रे शंतनु, तूच उतर खाली. चालून दाखव. विमानात बसून बसून पाय शाबूत आहेत का, आम्हालेही पाहू दे!"

फलाट हसला. शंतनुने एका कानातला इयरफोन काढला. "आई, काय म्हणतायत त्या?"

गाडी हलली. सुवर्णाताई दांडा धरून ओरडल्या, "असं बोलतात का पोराकडच्या लोकाईले?"

"हाव, बोलतात! पसंत नाही आम्हाले तुमचा पोरगा!"

शेवटचा डबा गेला. लोक पांगले. सुलभाला एकदम रडू फुटलं. श्रद्धा तिचे डोळे पुसायला गेली, तर तिने तोच हात घट्ट धरला.

"माझ्या लेकीले कोणी चालवून पाहायचं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही."