रुख्माबाईची पात

यंदा धानाच्या रोवण्याला रुख्माबाईला कोणी बोलावलंच नाही, तेव्हा तिला असा काही राग आला की विचारू नका. सारी हयात चिखलात काढली आणि आता म्हणे घरी बस! बुढी झाली म्हणजे काय हात गळून पडले?

रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी चंदा, तिच्याच नणंदेची पोर. रोवणं शिकली ती या मामीकडूनच. तीच तोंडावर म्हणाली, "मामी, आता आमी गुत्त्यानं रोवतो, जेवढं रोवू तेवढा पैसा. तू मांगं रायतेस, मंग सारी पात अडते."

मागे राहायची, खरं आहे. पण आधी अशी एखादी मागे पडली, तर शेजारची बाई दोन मुठी जास्त लावून तिच्या वाट्याची पात ओढून घ्यायची. टोळीतल्या सुशीलाबाईच्या म्हातारपणी रुख्माबाईनंच ओढली होती, कुठं बोभाटा न करता.

मग सडक अर्जुनीहून रेणू आली. म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली, मनानं चांगली पोरगी. वयावरून कोणाला कामातून काढणं हा अन्याय आहे, हे तिनं बायांना बसवून समजावलं. साऱ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी रुख्माबाई लुगडं खोचून धानाच्या बांधीत उतरली. इटियाडोह धरणाच्या पाण्यात पाय रुतले आणि जीव कसा थंड झाला. रेणूनं फोटो काढला, "छान, आजी!" म्हणाली आणि गेली.

तिची स्कूटी दिसेनाशी झाली तशी चंदा म्हणाली, "झालं ना, मामी? जाय, धुऱ्यावर बस. डबे कुत्रं नेईल."

रुख्माबाईनं दोन्हीकडच्या बायांकडे पाहिलं. कोणी मान वर केली नाही. हातातली रोपांची, पऱ्ह्यांची पेंडी ठेवून ती धुऱ्याच्या बांधावर येऊन बसली. रडू येत होतं, पण या भवान्यांसमोर रडायचं? छट्!

तेवढ्यात विसरलेली छत्री न्यायला रेणू परत आली. मायेनं म्हणाली, "थकलात का, आजी?"

"थकली नाही पोरी, उठवलं मले. काढ ना आता फोटो! काऊन नाही काढत?"

रेणू चंदाकडे वळली. "ताई, काल तर तुम्ही हो म्हणालात..."

"रोज येशील का मॅडम तू, पाह्याले?" चंदानं वाकल्या वाकल्याच विचारलं.

इकडे डब्यांशी कुत्रं खरंच आलं होतं.

"हाड!" रुख्माबाई अशी ओरडली, की सगळी पात मान वर करून तिच्याकडे बघायला लागली.