वीस मिनिटं उभं, दहा मिनिटं आडवं

ताठ कण्याने उभा राहतो तोच खरा माणूस, बाकी सगळे सरपटणारे प्राणी, असं बाइंडरांचं ठाम मत होतं. मंगळवारी हे मत त्यांनी दुकानाच्या फरशीवर उताणं पडून, गुडघ्यांखाली न शिवलेल्या रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन मांडलं.

कंबर नऊ वर्षं दुखत होती. ती पूर्ण बरी होणार नाही, तिच्याशी जमवून घ्या, असं फिजिओबाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं. त्या गोडव्याचीच बाइंडरांना शिसारी यायची. वर बाईंनी किचनमधलं घंटेचं घड्याळ लावायला सांगितलं. वीस मिनिटं काम, घंटा झाली की दहा मिनिटं आडवं.

"दुखत नसलं तरी?"

"तेव्हा तर नक्कीच. चांगला दिवसच घात करतो."

फरशीवरून टेबलाचा तळ दिसे. तिथे वाळलेली खळ शेंबडासारखी लोंबत होती. मलमाचा वास खळीच्या आंबूस वासात मिसळायचा. सगळ्यात किळसवाणी गिऱ्हाइकं. आडव्या माणसाला जगाच्या फक्त नाकपुड्या दिसतात, आणि प्रत्येक नाकपुडीकडे एक उपाय असतो. "माझ्या साडूचं अगदी असंच होतं," एक नाकपुडी म्हणाली. "गेला बिचारा."

शनिवारपर्यंत एका कचेरीची साठ रजिस्टरं बांधून द्यायची होती. मेव्हण्याची दुकानात निम्मी भागी होती. त्याने बजावलं होतं, "दाजी, वेळेत झाली नाहीत तर तुमचं टेबल हलवतो आणि तिथे झेरॉक्सचं मशीन लावतो."

बुधवारी बाइंडर उठले तर कंबर गप्प! पहिल्याच घंटेला त्यांनी घड्याळ फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबलं आणि भूत लागल्यागत कामाला लागले. संध्याकाळपर्यंत आधीची धरून एकतीस रजिस्टरं तयार. बत्तिसाव्याला दाबयंत्राचा स्क्रू आवळायला वाकले, आणि तसेच राहिले.

गुरुवार, शुक्रवार बिछान्यात गेले. बायको चड्डी चढवून देत होती आणि ते भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या देहाला शिव्या घालत होते. दुकान आवरायला गेलेली बायको घरी आली, तेव्हा तिच्या हातात फडकं होतं.

"घड्याळाला थंडी वाजत होती का हो?"

शनिवारी ते भिंत धरत दुकानात पोहोचले. मेव्हणा टेप घेऊन टेबल मोजत होता. बाइंडरांनी घड्याळ लावलं, सुई ओवली. बरोबर विसाव्या मिनिटाला घंटा झाली आणि त्याच क्षणी कचेरीचा क्लार्क दारात आला.

उभं राहून अब्रू राखावी की पडून कंबर? कंबरेत बारीक कळ आली. बाइंडर तोंड वाकडं करून फरशीवर आडवे झाले.

"झाली साठ?" क्लार्कने वाकून विचारलं.

"एकतीस. उरलेली एकोणतीस पुढच्या शनिवारी. रोज पाच होतील, जास्त नाही. मध्ये मध्ये मी असा पडणार."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. क्लार्कने मात्र वही काढून तारीख टिपली. "बरं झालं, नक्की तारीख तरी मिळाली. आधीचा बाइंडर रोज 'उद्या' म्हणायचा. चार महिने म्हणाला. ही एकतीस द्या, नेतो." आणि गठ्ठा उचलून गेलासुद्धा.

मेव्हण्याने टेप गुंडाळला. "म्हणजे दाजी, टेबल राहिलं तुमचं. पण रोज असं गिऱ्हाइकांच्या पायाशी लोळणार?"

"लोळणार!" बाइंडर फरशीवरून गरजले. "हात चालतोय तोवर हे टेबल माझं, आणि ही फरशीही माझीच! कुणाला किळस वाटली तर वाटो, मला स्वतःला काय कमी वाटते? पण घंटा झाली की राजा आला तरी मी उठणार नाही!"

मेव्हण्याने टेप खिशात टाकला.

"आणि हे बघ," बाइंडर खालच्या आवाजात म्हणाले, "डाव्या पायातला मोजा टाचेखाली गोळा झालाय. जरा वर ओढतोस?"